घरकुलाचे अनुदान पदरात पाडून घेताना

ग्रामीण भागातील कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसाठी 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली. तीत मैदानी भागात 1,20,000 रुपये आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये मिळतात, आणि हा खर्च केंद्र व महाराष्ट्र 60:40 या प्रमाणात उचलतात.

सर्वांत आधी ग्रामपंचायतीत जाऊन यादीत आपले नाव आहे का, हे पाहावे. लाभार्थ्यांचा प्राधान्यक्रम ग्रामसभेत मंजूर होत असल्याने त्या दिवशी घरी बसणे परवडणारे नसते. अनुसूचित जातीच्या कुटुंबांनी रमाई आणि अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी शबरी योजनेचीही चौकशी करावी.

खरी अडचण बहुधा जागेची असते. नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीतील नोंद) आजोबांच्या नावावर आणि वारस पाच, अशी स्थिती असेल तर वारसनोंद व संमतिपत्र मंजुरीची वाट न पाहता करून घ्यावे. मुळात जागाच नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेसाठी पंचायत समितीकडे अर्ज करता येतो.

हप्ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, मात्र पाया, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे जागेवरून नोंदवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. घर किमान 25 चौरस मीटरचे हवे. हौसेने आराखडा वाढवला की भिंती उभ्या राहतात आणि स्लॅब अडतो. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12,000 रुपये वेगळे मिळतात, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आवर्जून मागावेत.