कागद बदलण्याआधी

नवी मुलं-मुली काम दाखवायला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो. चित्र पाऊण रंगवून झालेलं, कुठेतरी बिनसलेलं, आणि कपाळावर आठी. ‘‘ताई, हे सावरता येईल, की नव्यानं करू?’’ मी आधी चित्र बघत नाही, रफ, म्हणजे कच्चं रेखाटन मागते. बहुतेकांकडे ते नसतंच. असलं तर कुठल्या तरी वहीत, पेन्सिलच्या चार रेघा. मग उत्तर देणं मलाही अवघड होतं, कारण नव्यानं करायचं म्हणजे नक्की कुठून, हे ठरवायला मागे काही पायऱ्या तर हव्यात!

मी बडोद्यात राहते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि घरखर्च त्यावरच चालवते. त्यामुळे हे सगळं त्या कामाबद्दल आहे. गॅलरीसाठी रंगवणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांना तारीख कुणी देत नाही, आणि पान क्रमांकही नसतो.

आधी हे काम कसं पुढे सरकतं ते सांगते. मुलांचं चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं. मोठ्या कागदावर एकदम ८ किंवा १६ पानं छापून घड्या घालतात, म्हणून पानांची संख्या त्या पटीत येते. शीर्षकाचं पान, प्रकाशकाचा मजकूर वगैरे वजा जाता हातात बारा-चौदा स्प्रेड उरतात. स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र. मजकूर आला की मी पहिल्या दिवशी ब्रशला हात लावत नाही. काडेपेटीएवढे चौकोन आखून त्यात थंबनेल्स, म्हणजे इटुकली कच्ची चित्रं काढते, एकाच प्रसंगाची निरनिराळी. माणूस कुठे, जमीन कुठे, डोळा कुठून आत शिरणार, बस्स. त्यातून एक निवडायचं, ते मोठं करून रफ काढायचं, मग फक्त काळ्या-करड्या-पांढऱ्यात टोन लावून बघायचा, मग छोटा कलर रफ, आणि त्यानंतर चांगला कागद. यातली टोनची पायरी नव्या मुलांना सगळ्यात कंटाळवाणी वाटते. पुढे जी चित्रं बिघडतात त्यातली निम्मी तिथेच बिघडलेली असतात, असा माझा अंदाज.

एक उदाहरण जरा सविस्तर देते. पुस्तकातला प्रसंग उत्तरायणाचा होता. एक मुलगी पहिल्यांदाच एकटी पतंग उडवते. फिरकी धरायला भाऊ नाही, तो कापलेल्या पतंगामागे खाली पळालाय. मजकूर एवढाच, दोन ओळींचा. बडोद्यात वाढलेल्या माणसाला या विषयावर काय काय काढू आणि काय नको असं होतं. संक्रांतीच्या आधी रस्त्याकडेला खांबांना दोरा ताणून त्यावर मांज्याची गुलाबी लुगदी चढवणारी माणसं, त्यांचे कोपरापर्यंत गुलाबी झालेले हात, हे सगळं माझ्या स्केचबुकात होतंच. आमच्या घरी त्या दिवशी गच्चीवर तिळगूळही असतो आणि उंधियू-जिलेबीही. मी सगळं घातलं. वरून दिसणारी गच्ची, आजूबाजूच्या गच्च्या, लांबवर मांडवी दरवाजा, आकाशभर पतंग, काका, आत्या, पातेली, स्पीकर. रेखाटन छान उतरलं. रंगही मजेत लागत गेले.

आणि मुलगी हरवली. म्हणजे होती, पण दिसत नव्हती.

मग तिचा फ्रॉक गडद केला. त्यासरशी शेजारच्या आत्यांची साडी फिकी पडली, म्हणून साडीला एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर दिला. साडी पुढे आली, तर मागची भिंत मागे ढकलावी लागली. इथे थांबायचं असतं. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते आणि दुसरी तिसरीला, तेव्हा बिघाड रंगात नसतो, वरच्या कुठल्या तरी पायरीवर असतो. खात्री करायला मी तीन गोष्टी करते. चित्र आरशात बघते, उलटं टांगते आणि मोबाइलवर त्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढते. फोटोत मुलीचा चेहरा, भिंत आणि आकाश, तिन्ही एकाच करड्या रंगाची निघाली. रंग वेगळे होते, उजेड-अंधार वेगळा नव्हता. वर पतंग इतके, की डोळा त्यांच्यातच भिरभिरत राहायचा.

संपादकांना फोटो पाठवला होता. फोनवर म्हणाले, ‘‘सरस छे, बेन. चालशे.’’ चाललंही असतं. छापून आलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. मी थोडी मुदत मागून घेतली आणि सरळ थंबनेल्सवर परत गेले. रेखाटनावर नाही, थंबनेल्सवर. रेखाटन सुंदरच होतं, पण दृष्टिकोनच चुकीच्या जागी होता. वरून बघितलं की गच्चीतले सगळे सारखेच महत्त्वाचे होतात. मजकुरातली खरी गोष्ट ‘फिरकी धरायला कोणी नाही’ ही होती, आणि पहिल्या चित्रात फिरकी नखाएवढी होती.

नव्या चित्रात डोळा जमिनीलगत आणला. अगदी पुढे, फरशीवर आडवी पडलेली फिरकी. तिच्यातून गुलाबी दोरा निघून मुलीच्या बोटांवरून तिरपा वर जातो आणि पानाच्या बाहेर पडतो. मुलगी पाठमोरी, कठड्याशी, तिच्या खांद्यावर सकाळचं ऊन. दोन तृतीयांश आकाश रिकामं. पतंग एकही नाही. काका, आत्या, मांडवी, सगळ्यांना सुट्टी दिली. उंधियूचं पातेलं मात्र जेवणाच्या स्प्रेडवर हलवलं, तिथे ते बरं बसलं. आणखी एक फायदा झाला. पहिल्या चित्रात मुलगी गटरच्या, म्हणजे शिवणीच्या फार जवळ होती. बांधणीत तिथले काही मिलिमीटर गिळले जातात आणि तेवढ्यात एखाद्याचं नाक जाऊ शकतं.

आता उलट बाजू. दरवेळी इतकं मागे जायची गरज नसते. टोन बरोबर आहे, रचना बरोबर आहे, फक्त एका जागी रंग जास्त लागलाय, एवढंच असेल तर कागद बदलू नका. ओल्या ब्रशनं तो भाग भिजवा, टिश्यूनं टिपा. अल्ट्रामरीन आणि मातीचे रंग (बर्न्ट सिएना, रॉ अंबर वगैरे) बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो ब्लू आणि अलिझरिन क्रिमसन मात्र कागदात मुरतात. ते घासून काढू गेलात तर कागदच सोलला जाईल. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, चांगला जाड) कॉटनचा कागद थोडी घासाघीस सोसतो, साध्या लगद्याच्या कागदाला लगेच गोळे येतात. पोस्टर कलर किंवा ग्वाश अपारदर्शक असल्यानं वरून झाकता येतो असं वाटतं. पण त्यांचा खालचा थर पाण्यानं पुन्हा सुटतो, म्हणून लालावर लावलेला पांढरा गुलाबी होतो. जाड थर पुढे तडकतो तो वेगळाच. अॅक्रिलिक वाळलं की सुटत नाही. त्यावर जेसो (रंगाखाली लावायचं पांढरं अस्तर) मारून पुन्हा रंगवा, खुशाल. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक नाही, ते पुढेमागे सुटून येतं.

काही बिघाड तर हवामानाचे असतात. बडोद्याच्या मे महिन्यात आकाशाचा वॉश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, मध्ये कडक रेघ उमटते. तेव्हा पंखा बंद करायचा (हो, मे महिन्यात!), सकाळी लवकर बसायचं आणि कागद आधी मागूनही ओला करून घ्यायचा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. वॉश वाळतच नाही, कागद फुगतो, आणि दमट कपाटात राहिलेल्या कागदावर रंगाचे ठिपके पडतात, कारण त्यावरचं सायझिंग, म्हणजे पाणी एकदम शोषू न देणारी खळ, गेलेलं असतं. कागदाच्या कडेला एक पट्टी लावून बघितल्याशिवाय ऑगस्टमध्ये मी कुठलंच फायनल सुरू करत नाही.

नव्यानं करायचं ठरलं की एक सापळा असतो. पहिलं चित्र समोर ठेवून दुसरं काढलं जातं, आणि मग हात काढत नाही, नक्कल करतो. रेघ मेलेली निघते. बटर पेपर किंवा लाइट बॉक्सवर (नसेल तर खिडकीची काच) मी फक्त मोठे आकार उतरवते, चेहरे-हात पुन्हा स्केचबुकातून काढते. पहिलं चित्र तोवर खणात. फाडायचं मात्र नाही. त्यातला एखादा रंग कसा जमला होता ते बघायला मध्येच लागतं.

टॅबलेटवर काम करणारे म्हणतील, आम्हाला हा त्रासच नाही. मला तर त्यांचा त्रास जास्त वाटतो. कागद खराब झाला की तो स्वतःच सांगतो. फाइल कधी सांगत नाही. लेअरवर लेअर चढत जातात, प्रत्येक दुरुस्ती फुकट असते, आणि नव्यानं करायचा निर्णय पुढे ढकलला जातो. तिथेही तोच उपाय: फोटो करडा करून बघा, नवी फाइल उघडा, जुनी बंद करा. फाइल ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, एकदा बघून घ्या. पडद्यावरचे झगझगीत हिरवे-निळे छापताना मंद होतात, आणि त्या धक्क्यानं आख्खं चित्र परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

पैशांचंही बोलायला हवं, कारण नव्यानं केलेल्या चित्राची मजुरी कुणी देत नाही. मला पटलं नाही म्हणून मी परत केलं, तर तो वेळ माझा. पण रफ मंजूर झाल्यावर समोरच्याचं मन बदललं, तर तो खर्च त्याचा. हे आधी लेखी असलं पाहिजे: रफवर किती वेळा बदल, फायनलवर किती, त्यापुढे काय दर. एका प्रकाशकानं सगळी फायनल्स गेल्यावर नायिकेच्या शाळेचा गणवेश बदलायला सांगितला होता. मंजुरीची मेल हातात होती म्हणून जादा पैसे मागता आले. कॉपीराइटचाही मुद्दा त्याच वेळी काढा. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन खास रंगवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, रंगवून घेणारा ठरतो. नव्या मुलांना वाटतं काढलं मी म्हणजे हक्क माझा. करारात लिहिलं असेल तरच.

शिकायचं कुठे, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली. बीव्हीए, म्हणजे दृश्यकलेची पदवी, चार वर्षांचं, प्रवेशाला चाचणी असते. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे सुरुवातीपासून तिथे होते. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानं फाइन आर्ट्स फेअरसाठी मुलांची पुस्तकं आणि खेळणी केली, त्यामुळे पेंटिंगवाले मोठे आणि इलस्ट्रेशनवाले धाकटे असली भिंत इथे जरा बुटकी आहे. (अगदीच नाही असं म्हणणार नाही.) पण प्रवेश मिळो न मिळो, गावातल्या भिंती बघायला कुणी अडवत नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. इतकी माणसं एका चौकटीत कोंबूनही कोण महत्त्वाचं ते कसं कळतं, हे तिथे वही घेऊन उभं राहिलं की समजतं: सपाट पार्श्वभूमी आणि ठाम बाह्यरेषा. कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळात केलेली. त्यातला नटीपूजेचा (रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकाचा) विषय त्यांनी आधी शांतिनिकेतनात चीना भवनाच्या भिंतीवर १९४२ मध्ये रंगवला होता, आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात तो पुन्हा घेतला. एवढा मोठा माणूस एकच विषय दुसऱ्या भिंतीसाठी पुन्हा मांडतो, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगते. पहिला कागद टाकून देताना त्यांचा चेहरा पडलेला असतो ना, तेव्हा.

परवा करेलीबागेतून येणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘‘ताई, पोर्टफोलिओत फक्त चांगलीच चित्रं लावायची ना?’’

‘‘तुझं ते बाजाराचं चित्र दोनदा केलंस ना? दोन्ही लाव.’’

‘‘पहिलं फसलेलं आहे हो!’’

‘‘म्हणूनच. डाव्या पानावर थंबनेल आणि पहिलं, उजवीकडे दुसरं. खाली काही लिहू नकोस. ज्याला काम द्यायचंय तो त्याच पानावर थांबेल आणि विचारेल, का बदललंस. तेव्हा ‘आवडलं नाही’ म्हणायचं नाही. कुठल्या पायरीवर परत गेलीस ते सांगायचं.’’

तिच्याकडे थंबनेल नव्हतं. आता काढून आणते म्हणाली. मी म्हटलं, जुन्या चित्राचं मागाहून थंबनेल काढून लावू नकोस, ते लगेच ओळखू येतं. पुढच्या चित्रापासून ठेव.