टोपीची लोकर वेगळी, हातमोज्यांची वेगळी

टोपी आणि हातमोजे एकाच गुंड्यातून विणायचा मोह मलाही होतो, कारण जोडी सुरेख दिसते. पण टोपी कपाळाला आणि कानांना टेकून बसते, तर हातमोजे दिवसभर सायकलच्या मुठीला, पिशवीच्या बंदांना घासत असतात. म्हणून मी आता रंग एकच ठेवते आणि लोकर दोन प्रकारची घेते.

टोपीची लोकर बोटांनी चाचपून निवडू नका, बोटांची कातडी जाड असते. गुंडा गळ्याला, हनुवटीच्या खाली लावा आणि मिनिटभर तसाच धरून ठेवा. तिथे टोचली तर कपाळालाही टोचणारच. टोचतात ती जाड तंतूंची टोकं. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा तंतू कातडीत रुततो. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू बहुधा २४ मायक्रॉनहून बारीक असतो, त्यामुळे तो टेकला की वाकतो. टोपीसाठी माझी पहिली पसंती मेरिनोच.

अल्पाका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या त्याच नावाच्या प्राण्याची लोकर, त्याहूनही उबदार लागते, पण ताणली की परत जागेवर येत नाही. भाचीसाठी मी निव्वळ अल्पाकाची टोपी विणली होती. पहिल्या दिवशी बेताची बसली आणि आठवड्याभरात भुवयांवर उतरली. मग ती उसवली आणि अल्पाकाचा व मेरिनोचा धागा जोडीने धरून पुन्हा विणली. तीन हिवाळे झाले, ती टोपी अजून जागेवर आहे.

हातमोज्यांना मऊपणापेक्षा पीळ महत्त्वाचा. धाग्याचं टोक चिमटीत धरा, उलट दिशेने फिरवून पीळ सोडा आणि पदर मोजा. तीन-चार पदर निघाले आणि पीळ सोडायला जोर लागला, तर धागा टिकेल. सैल पिळाचा एकपदरी धागा दिसतो फार देखणा, पण तळव्यावर त्याच्या लगेच बारीक गोळ्या होतात. पायमोज्यांची लोकर मिळाली तर उत्तमच, तिच्यात बहुधा २०-२५ टक्के नायलॉन असतं. ती बारीक असते, म्हणून तिचे दोन धागे एकत्र धरून विणा. एकेरी धाग्याने विणताना सुई लेबलवर सांगितलेल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक घ्या. ४ ची सांगितली असेल तर ३.५ ची. वीण दाट झाली की वारा आत शिरत नाही. आणि चारही बोटं एकत्र, अंगठा तेवढा वेगळा, असेच हातमोजे विणा. बोटं एकमेकांना ऊब देतात.

सुती धागा इथे नकोच, ओला झाला की हात गारठतात. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक ओलावा शोषत नाही, त्यामुळे आतला घाम आतच राहतो. पण ज्यांना लोकर अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी मी ते आनंदाने वापरते. फक्त त्याला इस्त्री लावू नका.

लहान मुलांसाठी मशीनमध्ये धुता येणारी, म्हणजे सुपरवॉश लोकर घ्या. ती ओली झाली की सैल पडते, म्हणून आधी हातभर नाही तरी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मगच टाके मोजा. एवढी एक गोष्ट टाळू नका.

लेबल हरवलेला गुंडा घरात असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत दूर नेली की विझते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

विकत घेताना सगळ्या गुंड्यांच्या लेबलांवरचा डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच आहे ना ते बघा. विणून झाल्यावर हातमोज्यांच्या लोकरीतले चार-पाच मीटर लेबलाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. अंगठ्याच्या बेचक्यात आधी भोक पडतं, तिथे रफू करायला तोच धागा लागतो.