हृदयावरणाची सूज: या चुका टाळा

हृदयाभोवती दोन पदरांची पातळ पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. पदरांमध्ये साधारण 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो. तिला सूज आली, म्हणजेच पेरिकार्डायटिस झाला, की छातीत तीव्र कळ येते. दीर्घ श्वास घेतला किंवा उताणे झोपले की ती वाढते आणि पुढे वाकून बसले की कमी होते. एवढ्यावरून दुखणे पित्ताचे आहे किंवा हृदयविकाराचा झटका नाही, असे घरी ठरवणे ही पहिली चूक होय. ईसीजीतही दोन्ही आजारांत एसटी भाग (आलेखातील ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेषा) वर उचललेला दिसू शकतो, त्यामुळे हा निवाडा डॉक्टरांवरच सोडावा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र बरे वाटू लागल्यानंतर होते. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने अनेकांचे दुखणे काही दिवसांत थांबते आणि रुग्ण सगळ्याच गोळ्या बंद करतो. वास्तविक पेरिकार्डायटिस पहिल्यांदाच झाला असेल तर कोल्चिसिन हे सूज कमी करणारे औषध सहसा तीन महिने घ्यायचे असते, कारण ते आजार उलटण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटवते. जुलाब झाले तर मात्रा कमी करता येते का, हे डॉक्टरांना विचारावे, औषध परस्पर सोडू नये. कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेणे धोक्याचे असते, मूत्रपिंड कमजोर असल्यास तर जिवावर बेतू शकते; म्हणून सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावरही चालू औषधांची यादी दाखवावी. स्टेरॉइडने झटपट आराम पडतो, पण आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढते. काही रुग्णांना ते द्यावेच लागते, तरी जुनी चिठ्ठी दाखवून ते स्वतःहून आणणे मला अक्षम्य वाटते.

दुखणे थांबून रक्तातील सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारे प्रथिन) पूर्ववत होईपर्यंत व्यायाम आणि जड काम टाळावे.

आपल्याकडे या सुजेचे कारण म्हणून क्षयरोग विसरून चालत नाही. बारीक ताप, घटणारे वजन आणि हृदयावरणात साचलेले पाणी असेल, तर केवळ वेदनाशामकांवर आठवडे घालवू नयेत. उपचार न झाल्यास पिशवी जाड व ताठ होऊ शकते, पाय सुजतात, पोटात पाणी होते आणि ही लक्षणे यकृताच्या आजारासारखी दिसल्याने रुग्णाच्या यकृतावरच उपचार चालू राहतात. अशा वेळी मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या, तर खरे कारण बरेच आधी लक्षात येऊ शकते.

पाणी हळूहळू साचले तर पिशवी ताणली जाते, झपाट्याने साचले तर 200 मिलिलिटरही हृदयाला दाबून टाकू शकते. धाप लागणे, भोवळ येणे किंवा रक्तदाब उतरणे दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता टूडी एकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सोय असलेले रुग्णालय गाठावे.