वर्धा ते यवतमाळ : कापसाच्या मुलखातून दिवसभर सायकल कशी चालवावी

विदर्भात सायकलवर लांब जायचं तर आधी हंगाम ठरवा, मग रस्ता. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये इतकी घट्ट बसते की चाकच फिरत नाही. उरतात नोव्हेंबर ते जानेवारीचे महिने. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, तुरीला शेंगा धरतात, ओलिताच्या वावरात हरभरा-गहू वर आलेला असतो. गावंही तेव्हाच सगळ्यात जागी असतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी वर्धा–देवळी–कळंब–यवतमाळ हीच वाट सुचवेन. अंतर साधारण ७० किलोमीटर. यवतमाळ वर्ध्याहून सुमारे २०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उलट्या दिशेने उतार मिळेल असं वाटतं. पण हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. यवतमाळकडे जाताना तो पाठीशी राहतो, म्हणून चढ पत्करावा.

आदल्या दिवशी

टायर किमान ३२ मिलिमीटर रुंदीचे हवेत. दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप जवळ ठेवा. या भागात बाभळीचे काटे टळत नाहीत. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात, तेव्हा काटे मागे पडतात. कडेच्या गवतात सराटेही असतात. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर अडॅप्टर घ्याच, कारण फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची असते.

पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसच्या पुड्या आणि वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक. तुपातला तो खुसखुशीत प्रकार थोडा खाल्ला तरी बराच वेळ भूक लागत नाही. फक्त डब्यात ठेवा, नाहीतर पिशवीत त्याचा चुरा होतो.

पहाटे

डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. फटफटलं की निघा. कानटोपी, हातमोजे घाला. नदीनाल्याजवळ गारठा जास्त असतो. धुकं असेल तर मागचा लाल दिवा चालू ठेवा.

महामार्गाने सरळ गेलात तर लवकर पोहोचाल, पण शेती लांबूनच दिसेल. म्हणून शक्य तिथे गावांना जोडणारे आतले डांबरी रस्ते धरा. वर्धा नदी ओलांडायला पूल मोजके आहेत, तेवढ्यासाठी महामार्गावर परत यावंच लागतं. पांदण रस्त्यात, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, मात्र कोणाला विचारल्याशिवाय शिरू नका. विचारताना “किती किलोमीटर?” असं न विचारता “काका, पुढं डांबर आहे का? नाल्यावर पूल आहे का?” असं विचारा. त्याआधी तुम्हालाच प्रश्न येईल, “कुठी चालले जी?” सायकल थांबवून, राम राम करून नीट उत्तर द्या. धावत्या सायकलवरून हात हलवणाऱ्याला वाट सापडते, पण गाव भेटत नाही.

खाणं, पाणी आणि दुपार

या मुलखात दिवस शेताच्या वेळेने चालतो आणि सायकलवाल्यानेही त्याच वेळेने चालावं. सकाळी नऊच्या आत पोटभर खा. देवळीसारख्या ठिकाणी तर्री-पोहे, आलुबोंडा मिळतो. त्यानंतर मजूर वावरात जातात, लहान गावं ओस पडतात आणि पानठेल्यावर बिस्किटांपलीकडे फारसं काही मिळत नाही. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर खाण्याची चंगळ, पण रस्त्यावर गर्दी.

पाणी गावातल्या नळाचं किंवा हॉटेलातलं घ्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवलेल्या ड्रममधलं कधीही घेऊ नका, ते फवारणीसाठी भरलेलं असू शकतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरण्यासारखं नाही. हिवाळ्यात तुरीवर अळीसाठी फवारणी होते. पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला तर थांबून फोटो काढत बसू नका, वाऱ्याची दिशा बघून पुढे सरका.

कापसाचा फोटो बांधावरून काढा. वेचणी करणाऱ्या बायांचा काढायचा तर आधी विचारा. त्यांची मजुरी वेचलेल्या किलोवर ठरते, त्यांचा वेळ खाऊ नका.

कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे, निघाल्या की जपा. माल ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि चालकाला मागचं दिसत नाही. अशा ट्रॉलीला ओलांडण्यापेक्षा खाली उतरून तिला जाऊ द्यावं. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मधे धरा आणि चालत राहा.

दुपारी कळंब. चिंतामणी गणपतीचं दर्शन पायऱ्या उतरून घ्यावं लागतं. मूर्ती जमिनीच्या पातळीखाली आहे. इथे तासभर विसावा घ्या.

शेवटचा टप्पा

कळंबपासून यवतमाळ वीस-पंचवीस किलोमीटर, आणि चढ याच भागात लागतो. पाय आधीच थकलेले असतात, म्हणून हलका गिअर लावून सावकाश चढा. दोनला निघालात तर चार-साडेचारला पोहोचाल. त्यानंतर ढोरं परततात, बैलबंड्या घराकडे वळतात आणि बंडीला मागे दिवा नसतो.

मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीआधी चेन पुसा, काळी धूळ तेलात मुरली की दात झिजतात. मग दोन्ही टायरांवरून बोटं सावकाश फिरवा. अडकलेला काटा रात्रीच उपटला तर पंक्चर लगेच कळतं आणि ट्यूब बदलायला निवांत वेळ मिळतो.