कारखान्यात आरोग्य उपक्रम सुरू करायचाय? आधी लाइनवर फिरा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मी कामगार कल्याणाचं काम बघते. कंपनीत आरोग्यासाठी काहीतरी करू या म्हटलं की पहिलं नाव निघतं योगशिबिराचं. योग चांगलाच, पण सुरुवात तिथून करू नका. शिफ्टचे आठ तास माणसाच्या शरीराचं काय करतात, ते आधी बघा.

त्यासाठी तिन्ही शिफ्टला लाइनवर फिरा, थर्डलासुद्धा, पहाटे तीनच्या सुमारास. पाण्याचा कूलर मशीनपासून किती लांब आहे? उभ्यानं काम करणाऱ्यांना मधे टेकायला स्टूल आहे का? बायकांशी मात्र बाईनंच बोलावं. असेंब्लीवरच्या कितीतरी मुली शिफ्टभर पाणीच पीत नाहीत, कारण टॉयलेटला जायचं तर जागेवर उभं राहायला रिलिव्हर मिळत नाही आणि दर वेळी सुपरवायझरला विचारायचा संकोच वाटतो. मग लघवीला जळजळ, ताप, रजा. तिथे ‘भरपूर पाणी प्या’ असं पोस्टर लावून काय होणार? रिलिव्हर द्या. प्रॉडक्शनवाले माणूस नाही म्हणतील, तेव्हा त्या लाइनच्या रजांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

त्यानंतर तपासणी. फक्त जनरल शिफ्टमध्ये ठेवली तर रात्रपाळीचे लोक राहून जातात. कंत्राटी कामगारांनाही यादीत घ्या, जड काम बहुतेक तेच करतात. बीपी घाईत मोजू देऊ नका. माणूस लाइनवरून धावत येतो, नुकताच चहा झालेला, तोंडात तंबाखू. अशा वेळी आकडा वर जाणारच. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. चहा-तंबाखूला अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन आलेला असावा. आकडा 140/90 च्या वर आला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या दिवशीही. एकदाच मोजून कोणाला बीपीचा पेशंट ठरवू नका.

रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. मॅनेजमेंटला फक्त एकूण आकडे कळवा, कितीजणांची शुगर वाढलेली आहे एवढंच. नावं सुपरवायझरकडे किंवा ठेकेदाराकडे जाता कामा नयेत. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. ‘शुगर निघाली म्हणून ब्रेक दिला’, म्हणजे कामावरून कमी केलं, अशी नुसती कुजबुज झाली, तरी पुढच्या वर्षी कोणी दंड पुढे करत नाही.

पुढच्या उपचारांची सोयही लावून द्या. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले बहुतेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत असतात, पण अनेकांनी घरच्यांची नावंच चढवलेली नसतात. टाइम ऑफिसात एक दिवस बसून ती भरून घ्या.

कॅन्टीनमध्ये मेनूच्या आधी मिठाचा हिशेब मागा. महिन्याला किती मीठ लागलं, त्याला ताटांच्या संख्येनं भागा. दोनशे ताटांना एक किलो म्हणजे ताटाला पाच ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार अख्ख्या दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि इथे ते एका जेवणात संपतं, लोणचं-पापड वेगळेच. आचाऱ्याला एकदम अर्धं करायला सांगू नका, ताटं परत येतील. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करा.

शिफ्ट बदलताना क्रम फर्स्ट, सेकंड, थर्ड असा ठेवा. उलट्या क्रमापेक्षा झोपेला तो सोपा जातो.

मनावरच्या ताणासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. तंबाखू सोडायची असेल त्यांच्यासाठी 1800-11-2356. हे नंबर नोटीस बोर्डावर लावले तर चारचौघांत कोणी उतरवून घेत नाही. टॉयलेटच्या दाराला आतून चिकटवा, मोठ्या अक्षरांत, आणि कागद फाटला की लगेच नवा लावा.