घरात मराठी, शाळेत इंग्रजी: वाचन शिकवताना

परदेशात मूल इंग्रजी वाचताना अडखळलं की घरात मराठी बंद करा, असा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच ऐकू नका. गोष्ट समजून घ्यायची सवय मराठीतूनच लागते आणि इंग्रजी वाचताना तीच कामी येते.

सुरुवात अक्षरांच्या नावांनी नको, आवाजांनी करा. 'सी-ए-टी' घोकण्यापेक्षा 'क्-ॲ-ट्' म्हणायला लावा, मग जोडून 'कॅट'. आपल्याला देवनागरीची सवय, त्यामुळे 'क्' म्हणताना मागे 'अ' चिकटतो. तो तोडाच, नाहीतर आवाज जुळत नाहीत. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, म्हणून 'एस-एच' मिळून 'श्' अशा जोड्या नंतर, एकेक करून घ्या. शेवटच्या मुक्या 'ई'ने 'कॅप'चं 'केप' होतं, हे मी लेकीला अक्षरांचे ठोकळे सरकवून दाखवलं, तर ती दिवसभर तशाच जोड्या लावत बसली!

रोज थोडाच वेळ बसा. वाचून झालं की "काय झालं गं गोष्टीत?" असं मराठीतच विचारा. नुसतं उच्चारलं की खरंच समजलं, ते तिथे कळतं. आणि या आठवड्यात कुठले आवाज शिकवताय, हे शाळेतल्या बाईंना बिनधास्त विचारा. घरी तेच घ्या.