मोटरहोमचा मडफ्लॅप: ड्रिल सर्वात शेवटी

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी. तिच्यामागे छोटी गाडी जोडून ओढत नेताना चाकांनी उडवलेले खडे मागच्या गाडीला लागू नयेत, म्हणून रबरी मडफ्लॅप लावतात. फ्लॅप विकत घेण्याआधी मागे जोडलेल्या गाडीचं बॉनेट आणि काच नीट न्याहाळा. रंगाचे टवके जर मोटरहोमच्या चाकांच्या रेषेत असतील, तर चाकांमागचे दोन फ्लॅप बहुधा पुरतील. मधोमधही मार दिसत असेल तरच मागे आडवा, पूर्ण रुंदीचा पडदा लावायचा विचार करा. सरसकट पूर्ण पडदाच लावणं मला पटत नाही. इंजिन आणि रेडिएटर मागे असलेल्या गाडीत त्याने हवेची वाट अडू शकते. तो लावलाच, तर पहिल्या लांब चढावर तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या.

मापं घ्यायची ती प्रवासाच्या अवस्थेत. म्हणजे पाण्याची आणि इंधनाची टाकी भरलेली, सामान आत, मागची गाडी हिचला (ओढायच्या जोडणीला) जोडलेली. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी रचना) असेल तर हवा पूर्ण भरून गाडी नेहमीच्या उंचीवर आली पाहिजे. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप हमखास फसतं: सामान भरलं की गाडी बसते आणि फ्लॅप रस्ता झाडत चालतो. चाकामागचा फ्लॅप जमिनीपासून साधारण वीतभर वर ठेवा. मागच्या टोकाला लावायचा असेल तर आणखी वर, कारण रस्त्यावरून फाटकात चढताना शेपटी खाली जाते. रुंदी जोडचाकांची दोन्ही टायरं झाकेल इतकी हवी. टायर आणि फ्लॅप यांच्यात भरपूर फट सोडा, नाहीतर रिव्हर्स घेताना टायर फ्लॅपवर चढतो आणि तो ब्रॅकेटसकट उपटून काढतो.

रबर जाड घ्या. पातळ रबर वेगात वाऱ्याने मागे उचललं जातं, मग खडे खालून सुटतातच. खालच्या कडेला धातूची पट्टी लावली की ते बऱ्यापैकी लटकून राहतं. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे तेही पाहा. गरम धुरासमोर रबर वितळतं.

गाडीखाली शिरायचं तर चाकांना अडण लावा आणि चॅसिसखाली पक्के स्टँड द्या. नुसत्या जॅकवर किंवा एअर सस्पेन्शनवर भरवसा नको, हवा गळली की गाडी अंगावर येते. भोक पाडण्याच्या जागेमागे ब्रेकची नळी, इंधनाची नळी, वायर काही नाही ना, ते हाताने चाचपा. शक्यतो चॅसिसला आधीपासून असलेली भोकं किंवा क्लॅम्प वापरा. गंज न धरणारे बोल्ट, रुंद वायसर आणि नायलॉनचे लॉकनट जवळ ठेवा. पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग लावायला विसरू नका.

फ्लॅप लागल्यावर मागच्या गाडीसकट एक वळण घेऊन पाहा. सेफ्टी चेन, ब्रेकअवेची तार (मागची गाडी सुटली तर तिचे ब्रेक लावणारी) आणि लाइटची केबल फ्लॅपला घासत नाहीत ना? नंबरप्लेट आणि लाइट झाकले जात नाहीत ना? पन्नासेक किलोमीटर झाल्यावर थांबा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. त्यासाठीचा पाना आठवणीने गाडीतच ठेवा.